बंद बाथरूम, जळता गॅस: ठाणे ते डोंबिवलीच्या घरांतील गिझर, शेगडी आणि गॅसजोडणीची देखभाल

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या घरांत खोल्या ऊबदार ठेवण्यासाठी गॅस जाळावा लागत नाही; इथला हिवाळा तेवढा कडक नसतो. घरात गॅस जळतो तो दोनच ठिकाणी: स्वयंपाकघरात शेगडीवर आणि आंघोळीच्या पाण्यासाठी गिझरमध्ये. शेगडी डोळ्यांसमोर असते, तिच्यापाशी बहुधा कोणीतरी उभे असते. गिझर मात्र कितीतरी फ्लॅटमध्ये बाथरूमच्याच भिंतीवर टांगलेला असतो आणि त्याच्याखाली माणूस कडी लावून आंघोळ करत असतो. म्हणून घरगुती गॅसच्या सुरक्षिततेचा विचार एरवी सिलिंडर आणि नळीपासून सुरू होत असला, तरी त्यातला सर्वांत जीवघेणा भाग बाथरूममध्ये आहे.

धोके दोन प्रकारचे आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देता कामा नयेत. एक न जळलेल्या गॅसचा, म्हणजे गळतीचा. दुसरा अर्धवट जळलेल्या गॅसचा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा. गळतीची भीती सगळ्यांना असते, कारण तिला वास येतो. एलपीजी असो वा पाइप गॅस, मूळचा गॅस जवळजवळ वासहीन असतो; गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन वर्गातले उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात. पण गॅस पेटला की त्याच्याबरोबर हे रसायनही जळून जाते. ज्योतीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग, ना घशाला खवखव. वास येत नाही म्हणजे सगळे ठीक आहे, ही समजूत गिझरच्या बाबतीत प्राणावर बेतते.

या पट्ट्यात दोन वायू वापरात आहेत. १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅसने मुंबईपाठोपाठ ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या बऱ्याच भागांत पाइप गॅस पोहोचवला आहे. हा नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका असतो. गळला तर वर छताकडे जातो. जिथे जोडणी पोहोचलेली नाही, तिथे १४.२ किलोचे एलपीजी सिलिंडर आहेत. प्रोपेन-ब्युटेनचे हे मिश्रण हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असते. ते जमिनीलगत पसरते, ओट्याखालच्या ट्रॉल्यांमध्ये, कोपऱ्यात साचून राहते. हवेत नैसर्गिक वायूचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झाले की मिश्रण पेट घेऊ शकते. एलपीजीला दोन टक्क्यांच्या आसपासचे प्रमाणही पुरते. त्यामुळे पाइप गॅसच्या घरात छताजवळचा झरोका मोलाचा, तर सिलिंडरच्या घरात जमिनीलगतची जाळी. मॉड्युलर किचन करताना सिलिंडर बंद कपाटात कोंडला जातो आणि खालची जाळी कोणाच्या लक्षातही राहत नाही, ही या नव्या सजावटीची मोठी उणीव आहे.

दोन्ही वायूंचा दाबही वेगळा असतो. घरातल्या शेगडीला पाइप गॅस साधारण २१ मिलिबारने मिळतो, तर सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून एलपीजी ३० मिलिबारच्या आसपास बाहेर पडतो. बर्नरच्या मुळाशी बारीक भोकाचा पितळी जेट असतो. एलपीजीसाठी हे भोक लहान, नैसर्गिक वायूसाठी मोठे. सिलिंडरवरून पाइप गॅसवर येताना कंपनीचा माणूस जेट बदलून देतो. उलटे झाले, म्हणजे पाइप गॅसचा मोठा जेट असलेले उपकरण सिलिंडरला जोडले, तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त गॅस बाहेर पडतो, ज्योत लांब आणि पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. घर बदलताना शेगडी किंवा गिझर सोबत नेणाऱ्यांनी नवी जोडणी कोणत्या वायूची आहे, हे आधी तपासायला हवे.

आता हवेचा हिशेब. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा छोटा गिझर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवतो, तेव्हा सुमारे १२ किलोवॉट इतका गॅस जाळतो. शेगडीचा मोठा बर्नर दोन-अडीच किलोवॉटचा असतो. म्हणजे बाथरूममध्ये पाच मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखे झाले. एवढ्या जळणाला तासाला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. डोंबिवलीच्या जुन्या इमारतीतले बाथरूम चार फूट बाय सहा फूट, नऊ फूट उंच धरले, तर त्यात हवा मावते जेमतेम सहा घनमीटर. दार-खिडकी बंद असेल, तर पूर्ण आचेवरचा गिझर चार-पाच मिनिटांत तिथल्या प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या खाली आणू शकतो. अशा हवेत ज्योत नीट जळत नाही. कार्बनचा पुरता कार्बन डायऑक्साइड न होता कार्बन मोनॉक्साइड निघू लागतो, आणि हवा जितकी कमी तितका तो वेगाने वाढतो. गिझर नवा, महागडा आणि निर्दोष असला तरी हे घडते. इथे बिघाड यंत्रात नसतो. खोलीत हवा नसते.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत २०० असेल, तर दोन-तीन तासांत डोके दुखू लागते. १६०० असेल, तर वीस मिनिटांत डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि पुढच्या तास-दोन तासांत मृत्यू. बारा हजारांच्या पुढे काही मिनिटेच पुरतात. यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी की पायांतले बळ आणि विचारशक्ती आधी जाते. काहीतरी बिघडले आहे हे कळेपर्यंत माणसाला कडीपर्यंत हात नेता येत नाही. २०२० च्या जानेवारीत बोरिवलीत एका शाळकरी मुलीचा असाच मृत्यू झाला, तेव्हा या विषयाची मुंबई परिसरात काही दिवस चर्चा झाली. हिवाळ्यात असे प्रकार वाढतात याचे कारण साधे आहे: थंड वारा नको म्हणून खिडकीच्या काचेच्या पट्ट्या बंद होतात, पाणी जास्त गरम लागते आणि आंघोळ लांबते.

पूर्वीच्या तांब्याच्या बंबातही जळण जळायचे, कोळसा आणि लाकूड दोन्ही भरपूर कार्बन मोनॉक्साइड देणारे. पण बंब परसात, अंगणात किंवा चाळीच्या गॅलरीत पेटे, त्याला मधोमध धुराची नळी असे आणि गरम पाणी बादलीने न्हाणीत नेले जाई. आग एका जागी, माणूस दुसऱ्या जागी, अशी ती रचना होती. गॅस गिझर बाथरूममध्ये टांगून नेमकी हीच रचना मोडली गेली.

म्हणून देखभालीचा पहिला मुद्दा जागेचा आहे. भारतीय मानक आयएस १५५५८ हे एलपीजीवर चालणाऱ्या छोट्या गिझरसाठी आहे. खरेदी करताना त्याची खूण पाहावी. पण खूण असलेला गिझरही धुरांड्याविना बंद बाथरूममध्ये लावण्याजोगा होत नाही. योग्य जागा म्हणजे उघडी बाल्कनी किंवा बाहेरची मोकळी भिंत. तिथून फक्त गरम पाण्याची नळी आत यावी. बाल्कनीला काचा लावून ती खोलीत घेतली असेल, तर ती उघडी जागा राहत नाही, हे ध्यानात ठेवावे.

इथल्या इमारतींत आणखी एक अडचण आहे: डक्ट. चार मजल्यांची बाथरूमे एकाच अरुंद डक्टमध्ये उघडतात. गिझर किंवा त्याची धूरनळी डक्टमध्ये सोडली की मालकाला वाटते, धूर बाहेर गेला. प्रत्यक्षात तो वर चढून वरच्या मजल्याच्या झरोक्यातून दुसऱ्याच्या बाथरूममध्ये शिरू शकतो. पावसाचे पाणी आणि कबुतरे येऊ नयेत म्हणून सोसायटीने डक्टच्या तोंडावर पत्रा टाकला असेल, तर बाहेर पडायला वाटच उरत नाही. अशा डक्टमध्ये एकाही घराने गॅसचा धूर सोडता कामा नये आणि हा निर्णय एकेका सदनिकेवर न सोडता सोसायटीने घ्यायला हवा. धूरनळी मोकळ्या आकाशाखाली निघत असेल, तरी तिच्या तोंडाशी घरटे नाही ना, सांधे सुटले नाहीत ना, हे पावसाळ्यानंतर पाहावे लागते. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. बाहेरची ताजी हवा यायला वाट नसताना जोरदार एक्झॉस्ट पंखा लावला, तर तो धूरनळीतूनच उलटी हवा ओढतो आणि धूर घरात येतो. पंखा हवा बाहेर काढतो. आत यायला दाराखाली किंवा खिडकीत तेवढीच जागा लागते.

गिझर बाहेर नेईपर्यंत तोच वापरणे भाग असेल, तर बादल्या आधी भराव्यात, गिझर बंद करावा, दार-खिडकी उघडी ठेवून हवा बदलू द्यावी आणि मग आंघोळीला जावे. एकामागून एक घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी चालू गिझरखाली उरकणे सर्वांत धोक्याचे. शेवटच्या माणसाच्या वाट्याला सगळ्यांचा साठलेला धूर येतो. मुलांनी आणि वृद्धांनी आतून कडी लावू नये.

यंत्रातल्या दुरुस्तीकडे आता वळता येईल. छोट्या गिझरची रचना सोपी आहे. नळ उघडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, सरकतो आणि एक छोटा स्विच दाबला जातो. सेलच्या विजेवर ठिणग्या पडू लागतात, विद्युत झडप उघडून गॅस सोडते, ज्योत पेटली की तिच्याजवळची सळई ती ओळखते आणि गॅस चालू राहतो. ज्योत विझली की झडप बंद होते. वर तांब्याच्या नळ्यांची आणि पातळ पात्यांची पेटी असते. तिच्यातून जाणारे पाणी तापते.

गिझर पेटतच नसेल, तर आधी सेल पाहावेत. ते टॉर्चचे मोठे दोन सेल असतात आणि दमट बाथरूममध्ये त्यांच्या टोकांना गंज चढतो. ठिणगीचा आवाजच येत नसेल, तर पाण्याचा दाब कमी असण्याची शक्यता आहे. वरच्या मजल्यावर, गच्चीतल्या टाकीच्या अगदी खाली, हे नेहमी घडते. पाणी येण्याच्या टोकाला असलेली जाळी गाळाने भरली तरीही तेच होते. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या इमारतींत जाळी वरचेवर धुवावी लागते आणि क्षार नळ्यांत बसून पाणी कमी तापू लागते. ठिणगी पडते पण ज्योत येत नाही, असे असेल तर गॅसचा कॉक, सिलिंडर किंवा नुकत्याच बदललेल्या सिलिंडरनंतर नळीत अडकलेली हवा ही कारणे पाहावीत. घरच्या माणसाने एवढेच करावे. यापुढचे काम कंपनीच्या किंवा परवानाधारक मेकॅनिकचे.

काही लक्षणे मात्र थांबायला सांगणारी असतात. पेटताना ‘धप्प’ असा मोठा आवाज होत असेल, तर ठिणगीआधी गॅस साचतो आहे. ज्योत निळी न राहता पिवळी, डुलणारी झाली असेल, पेटीच्या वरच्या अंगाला काजळी दिसत असेल, तर हवा अपुरी आहे किंवा बर्नर तुंबला आहे. पाण्याचा नळ बंद केल्यावरही ज्योत जळत राहिली, तर गॅसचा कॉक ताबडतोब बंद करावा. आणि गिझर मधेच वारंवार विझत असेल, तर त्याला दोष देण्याआधी खोलीतल्या हवेचा विचार करावा. अनेक गिझर वीसेक मिनिटांनी आपोआप बंद होतात. तेही मुद्दाम केलेले असते. असा गिझर घेऊन गेल्यावर काही मेकॅनिक सेन्सर ‘डायरेक्ट’ करून देतात, म्हणजे सुरक्षेची साखळीच तोडून टाकतात. गिझर मग विझत नाही. पण विझणे हाच त्याचा इशारा होता. असे काम करून घेऊ नये आणि जुन्या गिझरमध्ये ते आधीच झाले आहे का, हे विचारून घ्यावे. वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीनंतर थंडी सुरू होण्याआधी, बर्नर आणि पेटीची सफाई, डायफ्रॅमची तपासणी आणि धूरनळीची पाहणी करून घ्यावी.

शेगडीची देखभाल यापेक्षा सोपी आहे. दूध उतू गेले की बर्नरची भोके बुजतात; ती सुईने किंवा कडक ब्रशने मोकळी करून, बर्नर पूर्ण वाळवून बसवावा. ज्योत बर्नरच्या खाली, नॉबपाशी पेटत असेल, तर हवा-गॅस मिसळण्याच्या नळीत झुरळ किंवा कोळ्याचे जाळे अडकलेले असू शकते. शेगडी बंद करून ती साफ करून घ्यावी. भांड्याचे बूड काळे होणे ही तक्रार बहुतेक घरांत भांडे घासून मिटवली जाते. खरे तर ती बर्नरची तक्रार असते.

नळीबद्दल नियम स्पष्ट आहेत. आयएस ९५७३ मानकाची, तारेच्या जाळीने मजबूत केलेली सुरक्षा नळी वापरावी. तिच्यावर छापलेली मुदत पाहावी आणि पाच वर्षांनी, किंवा भेग दिसताच त्याआधी, बदलावी. तिला जोड देऊ नये, शेगडीखालून ओढू नये, तिच्यावर कापडी खोळ चढवू नये. खोळीखालची भेग दिसत नाही आणि उंदराने कुरतडलेलेही कळत नाही. सिलिंडर उभाच ठेवावा आणि ताब्यात घेताना त्याच्या कडीजवळच्या पट्टीवरचे अक्षर-अंक वाचावेत: ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. ती तारीख सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची असते. उलटून गेलेली असेल तर सिलिंडर परत करावा.

पाइप गॅसमध्ये रस्त्याखालून प्लॅस्टिकची, इमारतीच्या भिंतीवरून लोखंडी आणि मग मीटरपासून शेगडीपर्यंत घरातली, अशी नळी येते. शेगडीमागचा कॉक झटकन हाताला लागला पाहिजे. घराचे नूतनीकरण करताना ही नळी टाइल्सच्या आड गाडणे, मीटर कपाटात बंद करणे, खिडकीच्या ग्रिलला बाहेरच्या उभ्या पाइपचा आधार देणे किंवा त्यावर कपडे वाळत घालणे, हे सगळे इथल्या सोसायट्यांत सर्रास दिसते. खाडीकडच्या दमट हवेत लोखंड लवकर गंजते. गंजाचे पापुद्रे दिसले की कंपनीला कळवावे. घरातल्या कोणत्याही नळीची जागा बदलण्याचे काम प्लंबरने नव्हे, गॅस कंपनीने करायचे असते.

वास आला तर काय करावे, हे घरातल्या प्रत्येकाला, घरकामाला येणाऱ्या बाईंनाही, ठाऊक असायला हवे. ज्योती विझवाव्यात, कॉक किंवा रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात. दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंदच राहू द्यावे; एक्झॉस्ट पंखा तर मुळीच लावू नये, कारण बटणात ठिणगी पडते. मोबाइलवरचा फोन घराबाहेर जाऊन करावा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा देशभरचा क्रमांक आहे. पाइप गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर छापलेला असतो आणि तो दाराच्या आत चिकटवून ठेवणे बरे. अग्निशमन दलासाठी १०१. गळतीची जागा शोधायची तर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत, काडी पेटवून कधीही नाही. वयामुळे किंवा आजारामुळे ज्यांची वास घेण्याची शक्ती मंदावली आहे, अशांच्या घरी गळतीचा इशारा देणारे यंत्र लावावे. पाइप गॅससाठी ते छताजवळ, एलपीजीसाठी जमिनीजवळ.

कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र वेगळे असते. गळतीचे यंत्र त्याचे काम करत नाही. कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र बाथरूमच्या वाफेत न लावता दाराबाहेर, श्वासाच्या उंचीवर लावतात आणि त्याच्या संवेदकाचे आयुष्य पाच ते दहा वर्षे असते.

न्यू जर्सीसारख्या ठिकाणी हे यंत्र घरोघरी असते. डोंबिवली-ठाण्याहून मुलांकडे हिवाळ्यात राहायला जाणाऱ्या आईवडिलांना तिथे तळघरातल्या गॅस फर्नेसची ओळख होते. तो घरभर गरम हवा खेळवतो आणि त्याचे तत्त्व गिझरचेच आहे. हवेचा फिल्टर महिन्या-तीन महिन्यांनी बदलावा लागतो. तो तुंबला की फर्नेस तापून बंद पडतो. नव्या प्रकारच्या फर्नेसचा धूर भिंतीतून काढलेल्या प्लॅस्टिकच्या नळीने बाहेर जातो आणि हिमवृष्टीत तिचे तोंड बर्फाखाली बुजते, म्हणून आधी तिथला बर्फ काढतात. ज्योत आणि घरातली हवा यांच्यामधल्या धातूच्या भिंतीला तडा गेला, तर विषारी वायू थेट खोल्यांत येतो. हा दोष तंत्रज्ञालाच सापडतो. एकाच घरात सगळ्यांचे डोके दुखू लागले आणि बाहेर गेल्यावर थांबले, किंवा इशारा वाजला, तर कारण शोधत न बसता सगळ्यांनी बाहेर पडावे आणि ९११ ला फोन करावा.

इकडे बाथरूममधून बराच वेळ उत्तर आले नाही, तर दार तोडण्यात संकोच करू नये. आत जाणाऱ्याने श्वास रोखून खिडकी उघडावी किंवा माणसाला लगेच मोकळ्या हवेत ओढून आणावे, मगच गिझरकडे वळावे. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता. हे न सांगितल्यास फिट, हृदयविकार किंवा पाय घसरून पडणे असे निदान होण्याची शक्यता मोठी असते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेलेच वाटते आणि आकडा चांगला दिसतो. खात्री करण्यासाठी रक्तातल्या कार्बोक्सिहिमोग्लोबिनची तपासणी लागते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे दीड तास. शुद्धीवर आलेल्या रुग्णाची विस्मृती, चालण्यातला तोल जाणे, स्वभावातला बदल ही लक्षणे काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी उद्भवू शकतात, म्हणून घरी सोडल्यावरही पुन्हा तपासणी करून घ्यावी.

गिझर बाहेर हलवायला मोकळी भिंतच नसेल, तर गॅसवर पाणी तापवणे सोडून देणे हा योग्य पर्याय आहे. तीन किलोवॉटचा विजेचा गिझर दहा मिनिटांत अर्धे युनिट वीज घेतो. त्याला नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारा सुरक्षा स्विच मात्र हवाच. जुन्या इमारतीत ही वायरिंग आधी तपासून घ्यावी. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी नव्या इमारतींना सौर पाणीतापक यंत्रणेची अट घातलेली आहे. पण गच्चीवर बसवलेले संच देखभालीअभावी बंद पडले की घरे पुन्हा गॅस गिझरकडे वळतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाच्या देखभालीबरोबर या संचांचा खर्चही मांडला गेला, तर बऱ्याच बाथरूममधला गिझर उतरवता येईल.